मत्स्यविनोद आणि मराठी गद्य

मराठी वाङ्मयात अमुक प्रकारचा ग्रंथ नाही अशी तक्रार करण्याची आमच्या टीकाकारांस जुनी खोड आहे, आणि त्या तक्रारीस ‘तो नसल्याने कोणाचे काय अडले?’ असे उत्तर देण्याची आमच्या वाचकांसही तितकीच जुनी सवय आहे. म्हणून प्रस्तुत लेखात ज्या उणिवेविषयी आम्ही लिहिणार आहोत, तिने खरोखर काही अडले आहे की नाही, हे प्रथम दाखविणे आम्हांस प्राप्त आहे. ती उणीव अशी की, गोड्या पाण्याच्या काठी गळ टाकून वर्षभर बसणाऱ्या हौशी माणसाने आपल्या त्या बसण्याचा वृत्तान्त लिहिला आहे, असा एकही गद्यग्रंथ मराठीत प्रसिद्ध पावलेला नाही. विषय क्षुद्र वाटेल. परंतु विषयाच्या क्षुद्रपणावरून ग्रंथाची किंमत करू लागलो तर लघुनिबंध नावाचा सारा वाङ्मयप्रकारच निकालात काढावा लागेल.

पहिला आक्षेप असा येईल की, हा साहेबाचा छंद आहे. काठी, दोरा, टोपी आणि चिरूट घेऊन तळ्याकाठी बसावे, दिवसाकाठी एखादा मासा काढावा आणि त्याचे वजन मित्रांना सांगावे, हा विलायती आळस आपल्याकडे रुजला नाही यात नवल ते काय? हा आक्षेप करणाऱ्यांनी ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ उघडून पाहावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास तो संस्कृतात रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. जेथे कानडी आणि मराठी शेजारी शेजारी नांदतात, त्या सीमेवरील गाव. पाच विंशती आणि प्रत्येक विंशतीत वीस अध्याय, असा या ग्रंथाचा शंभर अध्यायांचा विस्तार आहे. राज्य मिळविण्यापासून पाकसिद्धीपर्यंत राजाला जे जे ठाऊक असावे ते ते त्यात आले आहे. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ साली निघाला, आणि तेव्हापासून मराठीचे इतिहासकार त्याचा उल्लेख आदराने करीत आले आहेत. कारण महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी साक्ष या ग्रंथातील गीताच्या प्रकरणात आहे. मराठीच्या जुनेपणाचा पुरावा म्हणून ती साक्ष आमच्या पाठ्यपुस्तकांतून मानाने मिरविते.

परंतु ज्या विनोदविंशतीत हा गीतविनोद आहे, तिच्यातच ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे, आणि त्याकडे आमच्या वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. या प्रकरणात गळाने मासे धरण्याची विद्या सांगितली आहे. मासे समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे, मध्यम आणि लहान कोणते, अशी राजाने पद्धतशीर वर्गवारी केली असून सुमारे पस्तीस जातींची माहिती दिली आहे. कोणत्या माशाला काय चारले असता तो पुष्ट होतो, तेही तो सांगतो. तिळाचे पदार्थ, हरभऱ्याचे पीठ, शिजवलेला भात यांचे गोळे करण्याच्या रीती तेथे आहेत. पुढे काठी, दोरी आणि गळ यांचे वर्णन येते. आज पवईच्या किंवा अन्य तलावाकाठी बसणारा हौशी मनुष्य डब्यात कणीक, पेंड आणि भाजलेले पीठ मळून नेतो, तेव्हा तो आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या राजाचा पाठ गिरवीत असतो. त्याला त्याची वार्ता नसते, इतकेच.

या प्रकरणाचा सविस्तर परामर्श प्रथम कोणी घेतला हे पाहिले म्हणजे आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. तो सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजीतून घेतला. कल्याणीच्या राजाचे हे धन ओळखण्यास वंगदेशात बसलेला, माशांची हाडे मोजणारा शास्त्रज्ञ लागला. ओवीचा धागा पकडून त्याच विंशतीच्या दारापर्यंत गेलेले आम्ही मराठी लोक आत डोकावलो नाही.

तथापि टीकाकाराने प्राचीनाच्या प्रेमाने आंधळे होऊ नये. मत्स्यविनोद हे उत्तम शास्त्र आहे, पण उत्तम वाङ्मय नव्हे. त्यात मासा आहे, आमिष आहे, गळ आहे. परंतु गळ टाकणारा माणूस नाही आणि काळ नाही. पहाटेचे पाणी आणि दुपारचे पाणी यांत फरक काय, मासा लागला नाही त्या दिवशी मनाची काय अवस्था झाली, हे सोमेश्वर सांगत नाही. राजाला बहुधा वाट पाहावी लागत नसेल. सेवक मासे चारून जमवीत, आणि महाराज येऊन काठी हाती घेत. ज्याला वाट पाहावी लागत नाही त्याच्या हातून या विषयाचे अर्धेच दर्शन होते, असे आमचे मत आहे.

ते दुसरे अर्धे आयझॅक वॉल्टनने पुरे केले. त्याचा ‘कंप्लीट अँगलर’ १६५३ साली प्रसिद्ध झाला. इंग्लंडात यादवी युद्ध होऊन गेले होते, राजाचा शिरच्छेद झाला होता, आणि वॉल्टनचा पक्ष हरला होता. अशा वेळी या वृद्ध, धर्मशील व्यापाऱ्याने राजकारणावर एक अक्षरही सरळ न लिहिता नदीकाठच्या संवादाचे पुस्तक लिहिले. गळवाला, शिकारी आणि ससाणे पाळणारा असे तिघे वाटेत भेटतात, आपापल्या छंदाची तरफदारी करतात, आणि पुढे शिकारी हा गळवाल्याचा शिष्य होतो. वॉल्टनची माहिती पुष्कळ ठिकाणी उसनी आहे. पूर्वसूरींची पुस्तके त्याने मोकळ्या हाताने वापरली. काही गोष्टी तर निव्वळ भाकडकथा आहेत. तरी साडेतीनशे वर्षे हे पुस्तक जिवंत आहे, आणि मासा ज्यांनी ताटातही घेतला नाही असे लोक ते वाचतात. कारण त्यात शिष्याला शिकविण्याची वत्सलता आहे, पावसाच्या सरीत झाडाखाली थांबण्याची फुरसत आहे, आणि पराभवाच्या काळातही माणसाने आपले मन कसे शांत राखावे याचे, कोठेही उपदेशाचा आव न आणता केलेले दिग्दर्शन आहे.

वॉल्टनने कार्प माशावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. या माशाला तो नद्यांच्या राणीचा मान देतो, आणि ती राणी मूळची इंग्लंडची नसून बाहेरून आणलेली आहे हेही नमूद करतो. आम्हांस यात विशेष स्वारस्य आहे, कारण वॉल्टनचा हाच मासा पुढे आमच्याही देशात आला. १९३९ साली तो सिलोनमार्गे निलगिरीवर आणला गेला, आणि १९५७ साली त्याचे दुसरे वाण बँकॉकहून कटकला आले. आज महाराष्ट्राच्या तलावांत ‘सायप्रिनस’ या नावाने तो सर्रास सापडतो. म्हणजे इंग्रजी वाङ्मयातला नायक आमच्या धरणात येऊन राहिला, आमच्या बाजारात विकला गेला. आमच्या गद्यात मात्र त्याला अद्याप जागा मिळाली नाही.

तिसरा ग्रंथकार हेन्री सलिव्हन टॉमस. हा मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी, दक्षिण कानडा जिल्ह्याचा कलेक्टर. ‘द रॉड इन इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७३ साली मंगळुरास निघाले, आणि पुढे १८८७ साली केवळ तळ्यांतील मासेमारीवर त्याने दुसरे पुस्तक लिहिले. हिंदुस्थानातल्या नद्या व तळी, येथील ऋतू, येथील महसीर आणि इतर जाती, यांचा गळवाल्याच्या दृष्टीने त्याने केलेला विचार आजही उपयोगी पडतो. टॉमस चौकस आहे, विनोदी आहे, आणि माशांच्या पैदाशीविषयी त्याला खरी कळकळ आहे. त्याचे वैगुण्य एवढेच की तो परका आहे. ज्या काठावर तो बसतो त्या काठावरचे गाव त्याला दिसते, पण ऐकू येत नाही. पाण्याला येणाऱ्या बायका, गुरे धुणारी पोरे, तळ्याच्या मालकीवरून चाललेला भावकीतला तंटा, हे सारे त्याच्या पुस्तकाबाहेर राहते. ते आत आणण्यास आमच्यापैकीच कोणी पाहिजे होता.

आता आमच्या वाङ्मयात मासा कोठे आहे ते पाहू. संतांच्या वाणीत तो पदोपदी येतो. परंतु तेथे मासा म्हणजे तळमळणारा जीव, पाणी म्हणजे परमेश्वर, आणि आमिष म्हणजे विषयवासना. गळ टाकणारा येथे आलाच तर काळ म्हणून येतो. हे रूपक इतके समर्थ ठरले की पुढच्या लेखकांना खरा मासा दिसेनासा झाला. म्हणींत आणि वाक्प्रचारांतही तीच गत आहे. ‘पाण्यात राहून माशाशी वैर’ करू नये, आणि बडे धेंड ‘गळाला लागले’ म्हणजे आनंद मानावा; मासा स्वतः कसा आहे हे कोणी पुसत नाही. दुसरीकडे तो पाकशास्त्रात आहे, तेथे त्याचे डोके आणि शेपूट वेगळे झालेले असते. देवघर आणि स्वयंपाकघर या दोहोंच्या मधोमध तळे असते, आणि तेथे मासा जिवंत असतो, हे आमच्या शिष्ट गद्याने लक्षातच घेतले नाही.

निसर्गाकडे पाहण्याची दृष्टीच मराठीत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली निघाले. बारा महिन्यांच्या क्रमाने झाडे, आकाश आणि वारा यांचे जे दर्शन त्यांनी घडविले, त्याने मराठी निबंधाला एक नवे इंद्रियच लाभले. मारुती चितमपल्लींनी रान आणि पाखरे शब्दांत आणली. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’त रानात राहून पाहण्याची रीत दाखविली. झाड, पक्षी आणि श्वापद यांना अशा रीतीने लेखक मिळाले. माशाला न मिळण्याचे एक कारण स्वाभाविक आहे: तो दिसत नाही. पाखरू बघता येते. मासा पाण्याच्या हालचालीवरून, बुडबुड्यांवरून, दोरीच्या ताणावरून ओळखावा लागतो. परंतु दुसरे कारण कमी गौरवाचे आहे. जे हात गळ जाणत होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांना गळ हाती धरणे कमीपणाचे वाटत होते. कोळी, आगरी, भोई, कातकरी यांच्यापाशी पाण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. त्यांना जाऊन विचारावे असे पदवीधरांच्या मनात क्वचितच आले.

याची प्रचीती पाहण्यास लांब जावयास नको. पनवेलहून उरणला जाताना वाटेत लागणारे जासई हे गाव लोकनेते दि. बा. पाटील यांचे जन्मगाव म्हणून आणि १९८४ च्या शेतकरी-आंदोलनामुळे महाराष्ट्रास ठाऊक आहे. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मिठागरे, मधे खारीची भातशेते, असा हा मुलूख. गोडे पाणी आणि खारे पाणी येथे हाकेच्या अंतरावर असल्याने पाण्याविषयीचे शब्दही येथे विपुल आहेत. पहिल्या मृगाच्या पावसात ओढे वाहू लागले की अंडी घालण्यासाठी मासे प्रवाहाविरुद्ध चढत शेतात येतात. त्याला या बाजूस ‘वलगण’ म्हणतात. गळाने मासा धरण्याला कोकणात ‘गरवणे’ असे एकच सुटसुटीत क्रियापद आहे. मत्स्यबीज थोडे वाढून बोटाएवढे झाले की त्याला ‘बोटुकली’ म्हणतात. हे शब्द ग्रांथिक मराठीत आले असते तर भाषा श्रीमंत झाली असती; आम्ही ते ‘बोलीतील’ म्हणून बाजूला ठेवले.

अशा मुलखातल्या एखाद्या हौशी माणसाने आपले वर्ष लिहावयाचे ठरविले तर त्यात काय काय येईल? वर्षाचा आरंभ चैत्रात न होता मृगात होईल. वलगणीच्या रात्री शेतात कंदील हलत असतात, सारा गाव भिजत मासे धरीत असतो, आणि गळवाल्याची कला त्या एका रात्री निरुपयोगी ठरते. अंड्यांनी भरलेली मादी धरावी की सोडावी हा प्रश्नही तेव्हाच उभा राहतो. आषाढात पाणी गढूळ; श्रावणात अर्धी घरे मासा वर्ज्य करतात, आणि तळे भरून सांडव्यावरून वाहू लागले की सोडलेले मासे निघून जातील या धास्तीने तळ्याचा ठेकेदार झोपत नाही. याच दिवसांत तळ्यांत नवे बीज पडते. कटला, रोहू आणि मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. ते वाहत्या पुरात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालीत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी पीयूषग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली, तेव्हापासून त्यांचे बीज हवे तेथे मिळू लागले. म्हणजे जासईच्या बाजूस एखाद्या तळ्यात गळाला लागणारा रोहू हा त्या शोधाचा वंशज होय, आणि ही एक गोष्टच एका सुंदर प्रकरणाचा विषय आहे.

भाद्रपद सरून पाणी निवळले की खरा हंगाम येतो. कटल्याचे तोंड वर वळलेले, म्हणून तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. मृगळाचे खाली, म्हणून तो तळ उकरतो. रोहू दोहोंच्या मधे. हे ज्याला कळले तो गळ किती खोल सोडावा हे जाणतो, आणि एकाच तळ्यात तीन मजल्यांचे घर पाहतो. मार्गशीर्षात आणि पौषात थंडीने माशाची भूक मंदावते. दिवसचे दिवस दोरी हलत नाही. वाङ्मयाच्या दृष्टीने हेच महिने मोलाचे, कारण लिहिण्यासारखे काही घडत नसता लिहावे लागते. सोमेश्वराला जे साधले नाही आणि वॉल्टनला जे साधले, ते या रिकाम्या दिवसांत. पुढे फाल्गुनापासून पाणी उतरत जाते. वैशाखातल्या कोंदट पहाटे पाण्यातला प्राणवायू कमी पडून मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडतात. नवशिक्याला वाटते की मासे भुकेले आहेत, आणि जाणत्याला कळते की ते गुदमरले आहेत. अशा वेळी गळ टाकणे त्याला जमत नाही. अखेर ठेकेदाराचे जाळे येते, वर्षभर ज्यांच्यासाठी हा माणूस ताटकळला ते सारे मासे एका सकाळी टोपल्यांत भरले जातात, आणि तो पुन्हा मृगाची वाट पाहू लागतो. या साऱ्यात प्रतिभेचे प्रदर्शन कोठेही नको. नेमके पाहणे आणि खरे सांगणे पुरे.

येथे आमचे काही वाचक अहिंसेचा प्रश्न काढतील, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. करमणुकीसाठी मुक्या प्राण्याच्या जबड्यात लोखंड रुतविणे हे कितपत सुसंस्कृत? हा प्रश्न फक्त आमचा नाही. इंग्रज कवी बायरनने आपल्या ‘डॉन जुआन’ काव्यात वॉल्टनला याच कारणासाठी क्रूर ठरविले आहे. आमचे उत्तर असे की, हा आक्षेप ग्रंथ न लिहिण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट तो ग्रंथाच्या गाभ्यात असावयास पाहिजे. आमच्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात, काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथले महसीर देवीचे मानले जातात. भाविक त्यांना खाऊ टाकतात, कोणी धरीत नाही. ठाणे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या पालघरात, वैतरणेकाठी तिळसे येथे शिवमंदिराजवळचे मासेही असेच अभय पावलेले आहेत. महसीर हा कार्पाच्याच कुळातला. राजा माशाला चारतो आणि गळ टाकतो. भाविक चारतो आणि हात जोडतो. चारण्याची क्रिया एकच, आणि दोघांनाही मासा जवळ यावा असेच वाटते. या दोन माणसांत अंतर किती आणि जवळीक किती, हे ज्याला तपासावेसे वाटेल तोच आमच्या अपेक्षेतले पुस्तक लिहू शकेल. त्याने शेवटी गळ मोडून टाकला तरी आमची हरकत नाही. पण त्यासाठी प्रथम तो हाती घेतलेला असावा.

राहता राहिला प्रश्न वेळेचा. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील पंचाण्णव गावांची जमीन नव्या मुंबईसाठी घ्यावयाचे १९७० साली ठरले. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून निघणारा सागरी सेतू जासईशेजारी चिर्ले येथे येऊन टेकला. भराव पडले, ओढ्यांच्या वाटा वळल्या, खारीची शेते गेली. याची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि त्या भूमीसाठी ज्यांनी रक्त सांडले त्यांचा इतिहास आमच्या गळापेक्षा पुष्कळ मोठा आहे. आमचे म्हणणे वाङ्मयापुरते आहे. ओढा गेला की वलगण जाते, आणि वलगण गेली की तो शब्दही एक-दोन पिढ्यांत जातो. रानावरची पुस्तके मराठीत निघाली तेव्हा रान शिल्लक होते, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांनी ते लिहिले. तळ्याच्या बाबतीत पाहणारे अजून आहेत. पनवेलच्या वडाळे तळ्याकाठी, पवईच्या पाण्यावर, गावोगावच्या बंधाऱ्यांवर सुटीच्या दिवशी काठ्या घेऊन बसलेली माणसे आजही दिसतात. त्यांत कारकून आहेत, शिक्षक आहेत, सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. म्हणजे लेखणी आणि गळ हे दोन्ही एकाच हाती येण्याचा योग आता प्रथमच जुळून आला आहे.

त्यांच्यापैकी कोणी एखादी वही घालावी, तिथी आणि पाण्याचा रंग टिपावा, शेजारी बसलेल्या आगरी किंवा कोळी बाबांना माशाचे नाव विचारून ते जसेच्या तसे उतरून घ्यावे, आणि मासा मिळाला नाही त्या दिवशीही पान कोरे सोडू नये, एवढीच आमची विनंती आहे. असे एखादे बाड पुरे झाल्यावर ते छापण्यास प्रकाशक मिळण्याची अडचण पडेल हे आम्ही जाणतो; तथापि मराठी नियतकालिकांनी त्यातील एकेक महिना क्रमाने छापावयास घेतला, तर बारा अंकांत एक वर्ष सहज पुरे होईल.